मुख्य बीमचं नाव

बेलूरच्या कारखान्यात सुधींद्रची नोकरी सहा महिन्यांनी पक्की व्हायची होती, आणि हा सहावा महिना होता. साल दोन हजार दोन. कंप्युटरवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मॉडेल करायचं, त्यावर दहा टन ऊस लादायचा आणि कुठला भाग मोडतो ते बघायचं, हे त्याचं काम. मॉडेलचे भाग सेहेचाळीस. सॉफ्टवेअरनं त्यांना नावं दिलेली, भाग एक, भाग दोन अशी. गेल्या महिन्यात आतलं नीट दिसावं म्हणून त्यानं भाग एकोणीस वगळला आणि परत घालायला विसरला. तो चाकांचा आस होता.

"पुन्हा असा घोळ केलास तर नोकरीचं विसर," गुरुराजसाहेब म्हणाले.

म्हणून सुधींद्रनं भागांना ऑफिसातल्या माणसांची नावं दिली. आकडा विसरतो, माणूस विसरत नाही. खालचा मुख्य बीम म्हणजे कृष्णाबाई, कारण चहापासून ड्रॉइंगच्या कपाटापर्यंत सगळं ऑफिस तिच्यावर उभं. पुढची कंपनीच्या नावाची पाटी म्हणजे गुरुराज. ती सगळ्यांआधी दिसते आणि भार काही पेलत नाही. हे नाव ठेवताना त्याला फार बरं वाटलं होतं. नावं नंतर बदलायची, असं त्यानं ठरवलंही होतं.

मंगळवारी दुपारी साहेब आले. "चारला गिऱ्हाईक येणार रे. रिपोर्टची प्रिंट काढ, आत्ता."

सुधींद्रनं बटण दाबलं आणि मग नावं बदलायची राहिल्याचं त्याला आठवलं. धावत जाऊन त्यानं कागद उचलला. प्रोग्रॅमनं आपणहून शेरा मारला होता: 'गुरुराज. भार शून्य. काढून टाकल्यास वजन वाचेल.' कागद खिशात कोंबून तो परत आला, तर साहेब त्याच्याच खुर्चीमागं उभे. सगळी नावं बदलायला वेळ कुठला? त्यानं घाईघाईत दोनच नावांची अदलाबदल केली आणि दुसरी प्रिंट काढली.

साहेब वाचू लागले. "'गुरुराज. सगळा भार यावरच.' हे माझं नाव कसं रे?"

"मुख्य बीमला दिलंय सर. लक्षात राहावं म्हणून."

साहेबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "वीस वर्षं झाली इथं," ते हळूच म्हणाले. "कुणी मोजलं नव्हतं बघ." त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची ओळ मोठ्यानं वाचली. "'कृष्णाबाई. भार शून्य. काढून टाकल्यास वजन वाचेल.'"

कृष्णाबाई चहा घेऊन दारातच उभी होती.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून ट्रेशेजारी ठेवला. "मशिनीनंच सांगितलंय, मग काय," एवढं बोलून ती निघून गेली.

साडेतीनला गिऱ्हाइकासाठी कपाटातून ड्रॉइंग काढायची वेळ झाली. जुडग्यात एकतीस चाव्या, एकीवरही खूण नाही. कुठली चावी लावायची आणि लावताना दार कुठं दाबायचं, ते फक्त तिला ठाऊक. साहेब सतराव्या चावीवर आले तेव्हा सुधींद्र बसस्टॉपकडं धावत सुटला.

"अक्का, परत चला. चूक माझी आहे." त्यानं खिशातला चुरगळलेला कागद काढून वाचून दाखवला. "हा खरा कागद. मुख्य बीम तुम्हीच."

"आणि साहेब?"

"पुढची पाटी."

कृष्णाबाई हसली. "बरोबर मोजतंय की तुमचं मशीन." तिनं हात पुढं केला. "आण तो कागद हिकडं. कुणाला दावत न्हाई. बिडरी, सोड तो घोर."

चारला पाच कमी असताना कपाट उघडलं. बीमला खुद्द साहेबांचं नाव आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकानं फार प्रश्न विचारले नाहीत. साहेबांनी 'गुरुराज' आणखी दोन मिलिमीटर जाड करायला सांगितला, आणि महिनाअखेरीस सुधींद्रची नोकरी पक्की झाली.

तो कागद अजून कृष्णाबाईच्या चहापुडीच्या डब्यात आहे, अगदी तळाशी. एखाद्या दिवशी सुधींद्र म्हणून जातो, "अक्का, आज चहा जरा पातळ..."

ती साहेबांच्या केबिनकडं एकदा बघते आणि डब्याचं झाकण उघडते.

"छान झालाय म्हणत होतो," सुधींद्र म्हणतो आणि आणखी एक कप मागून घेतो.