देवस्थळीकाकांना स्वस्त पेट्रोल सोसत नाही

पेट्रोल स्वस्त झालं की आमचं अख्खं पार्सिपनी गाव खूश होतं आणि आमचे देवस्थळीकाका सुतकात बसतात.

अतिशयोक्ती नाही. आमच्या अपार्टमेंटच्या कोपऱ्यावर पंप आहे. काका रोज सकाळी तिथवर चालत जातात, भावाचा फलक वाचतात आणि परत येतात. गाडी त्यांच्याकडे नाहीच. आकडा चढलेला असला तर शीळ घालत येतात, उतरलेला असला तर मान खाली. एकदा माझ्या नवऱ्याने रांगेतून काच खाली करून आनंदाने ओरडून सांगितलं, "काका, आज वीस सेंट कमी!" काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर," म्हणाले.

काकांची उमेदीची वर्षं गेली मध्य आफ्रिकेत, एका लाकडाच्या कंपनीचे हिशेब लिहिण्यात. निवृत्तीनंतर मुलीने इथे अमेरिकेत आणलं. मग मुलगी-जावई नोकरीसाठी दूर क्युपर्टिनोला गेले. काका मागे राहिले. कारण? "इथला पंप सवयीचा झालाय."

मध्य आफ्रिकेत सहा देशांचं मिळून एकच चलन आहे. हे मला काकांनी गणपतीच्या पॉटलकला शिकवलं, माझ्याच आमटीवर. टेबलावर सहा वाट्या मांडल्या, मध्ये पातेलं.

"हे बघ वैशाली, पातेलं सामाईक. पाच जणांकडे तेल, सहाव्याकडे लाकूड आणि हिरे. ते विकून येतील ते डॉलर, युरो या पातेल्यात. पातेलं भरलेलं आहे तोवर यांच्या पैशाची युरोशी बांधलेली गाठ, म्हणजे ठरलेला दर, पक्की. आता तेलाचा भाव पडला..." त्यांनी दोन डाव आमटी बाजूला काढली. "त्यात या शहाण्याने हौसेने विमानतळ बांधला..." आणखी तीन डाव.

मागे वीस माणसं ताटं घेऊन उभी.

"काका, विमानतळ राहू द्या, भात गार होतोय!"

"हसा, हसा! एकाने उधळलं तरी सहाही वाट्या कोरड्या. गाठ टिकली पाहिजे!"

हे त्यांचं पालुपद. वाढदिवस असो, बारसं असो, निरोप घेताना काका म्हणणार, "गाठ टिकली पाहिजे."

गेल्या हिवाळ्यात भाव उतरतच राहिला. तीन दिवस काका दिसले नाहीत, म्हणून मी डब्यात खिचडी घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. काका फोनवर फ्रेंचमध्ये, शाळेतल्या पोरासारखं "वी, वी", म्हणजे हो, हो, करत होते. पलीकडे एका म्हातारीचा खणखणीत आवाज.

फोन ठेवून म्हणाले, "मादाम ओदील. तिथली आमची घरमालकीण. तुझी काकू गेली ना, त्या आजारपणात हॉस्पिटलात हीच उशाशी बसायची. मी ऑफिसात."

मग सगळं बाहेर आलं. काका तिथून निघाले तेव्हा मादामने जमीन विकली होती. आलेल्या पैशांचे डॉलर करून ठेवू का, असं तिने विचारलं. तिथे पूर्वी एकदा एका दिवसात चलनाची किंमत निम्मी झाली होती, त्याची धास्ती. काका म्हणाले होते, "बँकेतच ठेवा. गाठ टिकेल. माझा शब्द."

"असा शब्द देतात का गं? मी कोण? ओंडके मोजणारा माणूस!"

"त्या फार काळजीत आहेत का?"

"ती? छे! तिला पत्ताच नाही. फोन केला की एकच विचारते, आज काय जेवलास?"

"तुम्ही काय सांगता?"

"भात, आमटी, दोन भाज्या," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

ओट्यावर फक्त ब्रेडची पिशवी होती. मी डबा तिथे ठेवला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात माझी टाकी रिकामी. पंपावर वळले तर फलक आठ सेंटनी चढलेला. आणि मी, महिन्याचं बजेट करणारी बाई, चक्क टाळी वाजवली! पेट्रोल भरणारा माणूस बघतच राहिला. तिथूनच फोन लावला.

"काका, चढला! आठ सेंट!"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"मादामना कळवा आता," मी म्हटलं.

"तिला काय कळवायचं? ती घाबरलीच नव्हती." मग काका म्हणाले, "वैशाली, तू आज आमटी केली आहेस का?"

"केली आहे की."

"मग येतो जेवायला. काय जेवलो ते तिला एकदा तरी खरं सांगेन."