मॉसमनचं पहिलं बदक

मर्ल आइझनरने त्या सभेत हात वर केला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला कधी कधी हुक्की येते. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्याने दुसऱ्यांची पार्सलं सांभाळली होती (एक-दोन गहाळ झाली, पण तो विषय आमच्या गावात कुणी काढत नाही), तेव्हा म्हातारपणी तरी एखादी मोलाची वस्तू कुणी विश्वासाने आपल्या हाती द्यावी असं त्याला वाटलं, तर त्यात गैर काय?

सभा ‘मॉसमन मित्रमंडळा’ची होती. अमोस मॉसमन हा आमच्या स्प्रूस कोव्हच्या दीपगृहाचा रखवालदार. जाऊन शंभर वर्षं झाली त्याला. रात्री दिव्याच्या काचेवर आपटून मेलेले पक्षी तो सकाळी गोळा करायचा, पेंढा भरून ठेवायचा आणि प्रत्येकाची अशी बारकाईने माहिती लिहायचा की आजही मोठमोठे विद्वान ती वाचायला येतात. त्यातलं पहिलं म्हणजे एक आयडर बदक. ते काच फोडून थेट त्याच्या न्याहारीच्या टेबलावर पडलं होतं म्हणे. दुसऱ्या कुणी ते भाजून खाल्लं असतं. मॉसमनने ते नुसतं बघत दिवस काढला आणि तिथून त्याच्या वेडाला सुरुवात झाली. त्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय आणि आम्ही निवृत्त मंडळी ते हौसेने चालवतो. गावातल्या कुणाच्याही फ्रीझरमध्ये आइस्क्रीम शोधायला गेलात तर हाताला घुबड लागण्याची शक्यता असते.

त्याचं कारण कसर. पेंढा भरलेल्या पक्ष्यांना कसर लागली की ते दोन आठवडे गोठवायचे, म्हणजे कीड मरते. संग्रहालयाचा फ्रीझर नेमका तेव्हाच बंद पडला होता आणि हॅलिफॅक्सहून पक्षीतज्ज्ञ डॉक्टर फेनर्टी यायचे होते. मॉसमनचे पक्षी गावातच ठेवायचे की हॅलिफॅक्सच्या मोठ्या संग्रहालयात न्यायचे, हे ते ठरवणार होते. म्हणून पक्षी घरोघरी वाटून घ्यायचं ठरलं. कुणी कोकीळ घेतला, कुणी पाणकावळे.

“आणि पहिलं बदक?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मर्लने हात वर केला.

अध्यक्षीणबाई म्हणजे विनिफ्रेड कॉर्कम. गावच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि मर्लची साठी उलटली तरी बाई समोर आल्या की आपली नखं वाढली आहेत असं त्याला वाटायचं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उद्या सकाळी ये म्हणाल्या.

सकाळी त्यांनी खाकी कागदात घट्ट गुंडाळलेलं पार्सल त्याच्या हातात दिलं. कागदातून पिसं हाताला लागत होती. मर्लचे डोळे पाणावले. बाईंनी सूचना दिल्या. दोन आठवडे उघडायचं नाही, हलवायचं नाही, आणि हात लावला की साबणाने धुवायचे, कारण मॉसमन कातडी आर्सेनिकने, म्हणजे आपल्या सोमलाने, कमवायचा. “त्या एका बदकात अख्खं चर्च आडवं होईल,” असं बाई म्हणाल्या. मर्लने बदकाला गाडीत शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि सायकलच्या वेगाने घरी आणलं.

आता प्रश्न व्हर्नाचा. व्हर्ना ही मर्लची बायको. गेल्या वसंतात घुबडांनी ओकून टाकलेले उंदराच्या हाडांचे गोळे त्याने अभ्यासासाठी तिच्या ओव्हनमध्ये वाळत घातले होते. तेव्हाच तिने बजावलं होतं की यापुढे घरात एकही मेलेलं जनावर आलं तर तू मॉसमनकडे राहायला जायचंस. म्हणून मर्लने तिला सांगितलंच नाही. तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये मेहुण्याने, लॉइडने, शिकार करून दिलेली बदकं होती, तीही खाकी कागदातच. त्यांच्या तळाशी त्याने पार्सल सरकवून दिलं. आयुष्यात एवढी एकच अक्कल त्याने चालवली आणि तीच नडली.

रोज एकदा खाली जाऊन झाकण उघडून नुसतं बघायचं, असा त्याने नेम ठेवला होता. शनिवारी दुपारी तो असाच खाली गेला, तर फ्रीझरचं झाकण सताड उघडं. आत काही नाही. व्हर्ना केस वाळवायच्या यंत्राने बर्फ वितळवत होती आणि गाणं गुणगुणत होती.

मर्लने वाकून तळापर्यंत पाहिलं.

“बदकं कुठायत?”

“चर्चला दिली. आज शिकारीचं जेवण नाही का? बर्टन सकाळी येऊन घेऊन गेला.”

“सगळी?”

“सगळी.”

“तळाशी होतं ते सुद्धा?”

व्हर्नाने यंत्र बंद केलं आणि त्याच्याकडे बघून गोड हसली. गोड हसणं ही व्हर्नाची सवय नव्हे. “तळाशी काय होतं ते मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. “तू हो पुढे. मी ॲपल पाय घेऊन मागून येते.”

शहाण्या माणसाने तिथेच सगळं कबूल केलं असतं. मर्ल टोपी न घेता गाडीत जाऊन बसला. आधी त्याला फक्त मॉसमनचं बदक गेलं एवढंच सुचत होतं. आता फेनर्टी पक्षी घेऊन जाणार, संग्रहालयाला कुलूप लागणार, आणि बाई आपल्याला मेल्यावरसुद्धा वर्गाबाहेर उभं करणार. वळणावर त्याला सोमल आठवला. बदक गेलं ते गेलं, पण ते पातेल्यात गेलं होतं. ब्रेकवरचा पाय इतका थरथरत होता की गाडी लोहाराच्या जुन्या दुकानापासून चर्चपर्यंत उड्या मारत गेली.

चर्चच्या हॉलमागे स्वयंपाकघरात बर्टन निकल मोठा डाव घेऊन उभा होता. पूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर आचारी होता. त्याचं हृदय मऊ आणि हात जड. मर्लला सरळ विचारायचा धीर होईना.

“लॉइडची बदकं सोललीस का रे सगळी?”

“सोलली, तोडली, टाकली.”

“त्यात एखादं... जरा हलकं होतं का?”

“एक होतं की. नुसतं कातडं. आत मांस औषधालाही नव्हतं.”

मर्लने भिंतीला धरलं. “मग फेकलंस ना?”

“फेकायला मी काय हॉटेलवाला आहे? रश्श्यात टाकलं. काय चव उतरलीय म्हणतोस. बघतोस का?”

“तू बघितलीस?”

“दोन वाट्या.”

मर्लने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड लालबुंद होतं आणि घामाने डबडबलेलं. (बर्टनचं तोंड भर जानेवारीतही तसंच असतं, पण ते त्या क्षणी कोण आठवतो?) कुठल्या पातेल्यात टाकलंस, असं त्याने कसंबसं विचारलं. बर्टन अभिमानाने म्हणाला की तिन्ही पातेली एकत्र ढवळून पुन्हा वाटली, म्हणजे कुणावर अन्याय नको.

हॉलमध्ये सगळं गाव बसलेलं होतं. रस्सा वाढून झाला होता. पास्टर प्रार्थनेला उभे होते. आमच्या पास्टरांची जेवणाआधीची प्रार्थना लांबते, ती इतकी की पोरं चमच्यांशी खेळत झोपतात. पण गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी ती आणखी लांबावी म्हणून मनापासून देवाचा धावा करत होतं. प्रार्थना संपेपर्यंत कुणी खाणार नव्हतं. म्हातारा हायरम वेंट्झेल तेवढा अपवाद, तो नेहमी आधीच सुरू करतो. त्याची वाटी अर्धी झाली होती.

मर्ल दाराशी उभा होता. समोरच्या टेबलावर कॉर्कमबाई आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर फेनर्टी, पांढरा शुभ्र शर्ट घातलेले. आता बोललो तर पक्षी हॅलिफॅक्सला जातात. माणूस पहिलं बदकच खाऊ घालतो म्हटल्यावर दुसरं कोण ठेवेल आमच्याकडे? आणि नाही बोललो तर? त्याला डोळ्यांसमोर गावाची ओळीने प्रेतयात्रा दिसली. त्यात बर्टन होता, मर्लला अप्रिय असलेली दोन माणसंसुद्धा होती, आणि त्यांच्याबद्दलही त्याला खरंच वाईट वाटलं. मागे उरणार कोण, तर बदक न खाणारा तो आणि पास्टरांची शाकाहारी मुलगी. एवढे खड्डे दोघं मिळून कसे खणणार? पास्टरांनी मच्छीमारांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, रस्तेदुरुस्तीसाठी मागितलं. मग त्यांचं मागणं संपलं.

“आमेन,” सगळे म्हणाले.

कॉर्कमबाईंनी चमचा उचलला. मर्ल ओरडायला गेला, पण बोबडी वळली होती, नुसता उंदरासारखा आवाज निघाला. मग तो धावला. टेबलावरून हात घालून त्याने बाईंच्या हातातला चमचा उडवला. ज्या बाईंसमोर त्याने जन्मात कधी जांभई दिली नव्हती, त्यांच्या हातावर त्याने चापट मारली होती. चमचा फेनर्टींच्या शर्टावर जाऊन पडला.

“खाऊ नका,” मर्ल म्हणाला. “रश्श्यात मॉसमन आहे.”

कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारलं, “कुठला मॉसमन?”

प्रश्न रास्त होता, कारण आमच्या गावात निम्मे लोक मॉसमनच आहेत. बायका आपापले नवरे मोजू लागल्या.

मर्लने सगळं सांगितलं. फ्रीझर, बायकोपासून लपवलेलं पार्सल, तळाशी ठेवलेलं बदक, त्यातला सोमल. सांगताना तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. बर्टन स्वयंपाकघरातून आला तो बटाट्यांच्या पोत्यावर मटकन बसला. हायरम घशात बोट घालत बाहेर गेला. आग विझवणाऱ्या दलातले सगळे स्वयंसेवक एकदम उठून उभे राहिले आणि काय विझवायचं ते न कळून एकमेकांकडे पाहत राहिले. कुणी डॉक्टरला फोन करत होतं, कुणी पास्टरांना चिकटून उभं होतं. फेनर्टी एका हाताने शर्ट पुसत होते आणि दुसऱ्याने नाडी बघत होते, स्वतःचीच.

“मर्ल, खाली बस,” कॉर्कमबाई म्हणाल्या.

मर्ल बसला. मागे खुर्ची नव्हती, म्हणून जमिनीवर बसला.

“पहिलं बदक माझ्या घरी आहे. फ्रीझरमध्ये, वाटाण्यांच्या खाली. तुझ्या पार्सलमध्ये बदक नव्हतंच.”

“पण मी चाचपलं होतं, मिसेस कॉर्कम. पिसं होती.”

“कुंचा होता. धूळ झटकायचा, पिसांचा. दांडा कापून दिला होता.”

“पण का?”

“तू सगळ्यांसमोर हात वर केलास. तुला नाही कसं म्हणणार? शाळेतही तू हात वर केलास की मी कधी नाही म्हटलं नाही. उत्तर तेवढं दुसऱ्याला विचारायचे.”

कुणी मरणार नाही, एवढंच मर्लला ऐकू आलं. त्याला इतकं हायसं वाटलं की जमिनीवर बसल्या बसल्या तो हसायला लागला. बर्टनला मात्र राग आला. मग ते हलकं कातडं कसलं होतं, असं तो ओरडला, तेव्हा लॉइडने मागच्या टेबलावरून हळूच सांगितलं की एकदा सूर्य डोळ्यांवर आल्यामुळे त्याच्या हातून बदकाऐवजी पाणकावळा मारला गेला होता. ते ऐकून हायरम पुन्हा बाहेर गेला.

सगळे आता फेनर्टींकडे बघत होते. ते उभे राहिले. मॉसमनचे पक्षी कुठे ठेवावेत याचा आपण बराच विचार करत होतो, असं ते म्हणाले. “पण जे मंडळ आपली माणसं इतकी नीट ओळखतं, त्याच्याकडून पक्षी हलवायचं मला काही कारण दिसत नाही.” हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मर्लनेही वाजवल्या. हे आपल्याचबद्दल आहे, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात व्हर्ना ॲपल पाय घेऊन आत आली. तिने ठेवणीतला कोट घातला होता आणि केस बसवून घेतले होते. दारातल्या बायकांनी तिला घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. तिने पायचं ताट टेबलावर ठेवलं आणि मर्लकडे आली.

“म्हणजे तो कुंचा माझ्यासाठी नव्हता?”

मर्लला काही कळेना.

“फ्रीझर रिकामा करताना सापडला,” व्हर्ना म्हणाली. “मला वाटलं, उद्या आपल्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून लपवून ठेवला असशील. होता तसा बांधून टॉवेलांच्या कपाटात ठेवला. उद्या तू शोधशील तेव्हा हळूच काढून देणार होते.”

लग्नाचा वाढदिवस. मर्ल तो साफ विसरला होता. सगळं गाव ऐकत होतं.

“आवडला होता मला,” व्हर्ना म्हणाली.

मर्ल जमिनीवरून उठला, पँट झटकली आणि आयुष्यात होती नव्हती तेवढी हिंमत गोळा केली. “तुझ्यासाठीच होता,” तो म्हणाला.

“मर्ल,” मागून कॉर्कमबाईंचा आवाज आला, “कुंचा शाळेचा आहे. सोमवारी परत आणून दे.”

“हो, मॅडम,” मर्ल म्हणाला.