जयराज रजेवर आहे

प्रत्येक गावाजवळ दाखवण्यासारखं काहीतरी असतं. कुणाकडे जागृत देवस्थान असतं, कुणाकडे निवृत्त कर्नल असतो, कुणाकडे निदान बिबट्या तरी येऊन जातो. लोणंदपासून जवळच असलेल्या आमच्या आसनवाडीकडे जयराज होता. केरबांचा हा मुलगा इंजिनियर होऊन जर्मनीला गेला, तिथेच नोकरी आणि लग्न करून स्थिरावला, आणि गावाची परदेशाची बाजू भक्कम झाली. वेशीवरची कमान त्याच्याच देणगीतून उभी राहिली. तिच्या संगमरवरावर त्याच्या नावाआधी 'जर्मनीस्थित' हा शब्द खोल कोरलेला आहे. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की पाणी आणि रस्ता झाल्यावर आम्ही जयराज सांगत असू.

गेल्या वर्षीच्या आधीच्या पाडव्याला हा जयराज बायको काट्रिन, मुलगी लेना आणि धाकटा शिवतेज यांना घेऊन गावात आला. स्वागत गावाला शोभेल असं केलं. ट्रॅक्टरची ट्रॉली सजवली, हलगी लावली, चौघांना फेटे बांधले. फ्लेक्सवर चौघांच्या मागे आयफेल टॉवर होता, कारण फ्लेक्सवाल्याकडे परदेश म्हणून तेवढाच होता. काट्रिनने तो बराच वेळ पाहिला आणि छान आहे म्हणाली. बाई गुणी आहे हे तेव्हाच कळलं. मग सत्काराला उत्तर द्यायला जयराज उभा राहिला आणि म्हणाला की आम्ही आता कायमचे राहायला आलोय. हलगीवाल्याने आपण होऊन हलगी थांबवली.

रजा संपते, सुट्टी संपते, पण कायमचं आलेलं माणूस हा काय प्रकार आहे हे कुणाला समजेना. कामावरून काढलं असणार, असं अर्ध्या गावाचं मत पडलं. उरलेल्या अर्ध्याला त्यात पोलीस दिसत होते. सत्य शोधण्यासाठी समिती नेमली. सरपंच लालासाहेब अध्यक्ष आणि मी सचिव. आम्ही केरबांच्या अंगणात जाऊन बसलो.

"खरं सांग गड्या," लालासाहेब म्हणाले, "काढलं का?"

"न्हाई आबा. मीच सोडलं."

"मग तितं कुणासंगं वाकडं आलं?"

"कुणासंगंच न्हाई. वडील हितं एकलं हायत. म्हटलं पोरांनी आज्याजवळ ऱ्हावं, शेत बघावं."

"शेत फोटोत बी दिसतंय की रं," लालासाहेब म्हणाले.

समितीने हे उत्तर असमाधानकारक ठरवलं. त्यामागे आमची एक भूमिका होती. या गावातला प्रत्येक धडधाकट माणूस कधी ना कधी इथून निसटायला धडपडला आहे. ज्यांना जमलं नाही ते मातीवर प्रेम आहे असं सांगतात. ज्याला जमलं तोच जर राजीखुशीने परत येऊ लागला, तर आम्ही आयुष्यभर कशासाठी हळहळत होतो? हा सरळसरळ गावाचा अपमान होता, आणि तो फेटा बांधून घेऊन केलेला होता.

पुढचा धक्का शिरवळचा. जयराजने तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी धरली आणि तो कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागला. आमच्याकडे आया मुलांना दम देताना 'शिकला न्हाईस तर शिरवळला जाशील' असं सांगत आल्या आहेत. आता बारावीला आपटलेली पोरं आणि जर्मनीस्थित जयराज एकाच बसच्या एकाच बाकावर बसायला लागले. एका पोराने आईला विचारलं की शेवटी शिरवळलाच जायचं तर मधलं जर्मनी गाळलं म्हणून काय बिघडलं. त्या माउलीने दोन दिवस जेवण टाकलं.

यातून मार्ग निघाला तो लालासाहेबांच्या घरातून. त्यांचा मुलगा वीरधवल साताऱ्यात जर्मन भाषेच्या क्लासला जात होता. तो जर्मनीला जाणार या बोलीवर सांगलीकडच्या एका बागाईतदाराची मुलगी त्याला सांगून आली होती. मुलीचे मामा राजवर्धन घर बघायला आले, तर गिरणीपुढे दळणाचा डबा घेऊन काट्रिन उभी. मामांची नजर तिथेच अडकली. जर्मनीची माणसं परत आली की काय, त्यांनी विचारलं.

"रजेवर आल्यात," लालासाहेब म्हणाले.

एवढं सोपं उत्तर आम्हा कुणालाच इतके दिवस सुचलं नव्हतं. मामा निर्धास्त झाले, चहा प्याले आणि सोयरीक पक्की झाली. पुढच्याच ग्रामसभेत ठराव आला: 'जयराज केरबा हे सहकुटुंब रजेवर आलेले असून ते जर्मनीतच वास्तव्यास आहेत असे समजण्यात यावे.' ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला जयराज हजर होता आणि त्याने विरोधात हात वर केला होता, पण तो जर्मनीत असल्यामुळे त्याचं मत धरता आलं नाही.

ठरावाची अंमलबजावणी हा शब्द ज्यांनी फक्त ऐकला आहे त्यांनी आसनवाडीला यावं. या कुटुंबातलं कुणीही भेटलं की 'परत कवा जाणार?' असं विचारायचं, हे गावाने कटाक्षाने पाळलं. दुकानदार सुटे पैसे देताना विचारायचा, पुजारी तीर्थ देताना विचारायचा. काट्रिनला बचत गटात यायचं होतं, तर पाहुणीकडून काम कसं करून घ्यायचं म्हणून बायकांनी तिला खुर्ची दिली. ती भुईमूग काढायला शेतात उतरली, तिथेही बांधावर खुर्ची गेली. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, आणि ही भिंतीकडेला खुर्चीवर एकटी. बाई वर्षात चांगलं मराठी शिकली. एकदा ती मला म्हणाली, "भाऊजी, मला खाली बसता येतं." मी म्हणालो, "असू दे, बसा." आणि खुर्ची सावलीत सरकवून दिली.

मुलांचं प्रकरण जास्त नाजूक होतं. गावच्या शाळेत इतकी कमी मुलं उरली होती की शाळाच बंद व्हायच्या बेताला आलेली. शिक्षिका विजयमाला बाईंना ही दोन मुलं देवाने पाठवल्यासारखी वाटली आणि त्यांनी दोघांना पटावर घ्यायचा हट्ट धरला. समितीने बाईंना समजावलं की जो विद्यार्थी जर्मनीत आहे त्याची हजेरी आसनवाडीत लागली तर उद्या चौकशी होईल. शेवटी तडजोड निघाली. तपासणीला साहेब आले की दोघं विद्यार्थी, आणि साहेबांची गाडी वेशीबाहेर गेली की पाहुणे.

शिवतेज लहान होता, त्याला फरक कळत नव्हता. लेनाला कळायचा. तिने त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता, तो म्हणजे खो-खो. मैदानात तिला कुणी खुर्ची देऊ शकत नव्हतं. ती पळायला लागली की मुली तिला परदेशी म्हणून नव्हे, चपळ म्हणून शिव्या द्यायच्या, आणि त्या शिव्या ऐकून पोरीचा चेहरा फुलायचा. आमची शाळा तालुक्याच्या सामन्यांत कधी पहिल्या फेरीपलीकडे गेली नव्हती. लेनाच्या जोरावर ती अंतिम सामन्यात पोहोचली. बाईंनी तिचं नाव संघात कसं घुसवलं हे समितीने विचारलं नाही. विजय गावाचा धरायचा, एवढं तोंडी ठरलं होतं.

आणि नेमका अंतिम सामन्याच्याच दिवशी वीरधवलचा साखरपुडा आला. सांगलीची माणसं येणार, आणि रजा इतकी लांबलेली. कुठल्या देशात अशी रजा मिळते, असं मामांनी फोनवर विचारलं होतं. तेव्हा पाहुण्यांच्या समक्ष जयराजच्या कुटुंबाला निरोप द्यायचा, जीपने शिरवळच्या हमरस्त्यापर्यंत सोडायचं आणि मांडव उठल्यावर मागल्या वाटेने परत आणायचं, असं समितीने योजलं. जयराजने नकार दिला. मग लालासाहेबांनी केरबांच्या अंगणात जाऊन म्हाताऱ्याच्या पायावर टोपी ठेवली. सरपंचाची टोपी पायाशी आल्यावर केरबांना नाही म्हणवेना, आणि बापाचा शब्द जयराजला मोडवेना.

कार्यक्रम देखणा झाला. काट्रिनची ओटी भरली, तिथल्या थंडीला उपयोगी पडेल म्हणून शाल दिली. बायका खऱ्याखुऱ्या रडल्या. माणूस जातंय म्हटलं की आमच्या गावाला त्याचं फार प्रेम येतं. फक्त लेना जीपमध्ये बसेना. खो-खोच्या गणवेशात ती मांडवाच्या दारात उभी होती.

"आज मॅच हाय," ती म्हणाली. "मी न्हाई तर पयल्या डावात कोण पळणार?"

लालासाहेब तिच्याजवळ वाकले. हळू आवाजात, अगदी मायेने म्हणाले, "बाळा, तू तर गेलीयास."

"कुटं?"

"जर्मनीला."

"मी हितंच हाय की."

"हायस. पर ते बोलून दाखवायचं नसतंय."

पोरीने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मी नजर चुकवली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण सचिवाला स्वतःचं मत नसतं. मग जयराज पुढे आला आणि त्याने लेनाला उचलून जीपमध्ये बसवलं.

"आबा," तो म्हणाला, "तितं मला लोक परका समजायची. तोंडावर सांगायची, तवा राग बी धरता यायचा. तुमी हार घालून हाकलताय. आता तुमच्यावर रागवायचं कसं, ते बी ठरावात लिवा."

लालासाहेबांनी त्याच्या हातात नारळ दिला आणि सांगलीकरांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा संघ हरला. जीप हमरस्त्याला लागली. तिथे चहाला थांबून परत फिरायचं ठरलं होतं, पण जयराजने ड्रायव्हरला साताऱ्याकडे घ्यायला लावली. कुटुंब परत आलं नाही. महिन्याभराने केरबाही घराला कुलूप घालून मुलाकडे गेले. गाव हळहळलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपला ठराव बघता बघता जवळपास खरा झाला. वीरधवलचं लग्न लागलं. जर्मनीचं जमलं नाही. जयराज गेल्यामुळे कंपनीच्या बसमध्ये एक जागा रिकामी झाली होती, तिथे तो बसतो. शाळा बंद झाली.

जयराज सध्या साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहतो, असं कळतं. म्हणजे तुम्हा वाचकांपैकी कुणाच्या तरी इमारतीतच. तुम्ही शिकलेली माणसं. आसनवाडीचे हे प्रताप वाचताना तुम्ही दोन-तीनदा तरी मान हलवली असेल. परवा जिन्यात लेना भेटली, तेव्हा तुम्ही तिच्याशी आधी इंग्रजीत बोललात. तिने मराठीत उत्तर दिल्यावर कौतुकाने गालाला हात लावलात आणि हसून विचारलंत, "मग, परत कधी जाणार?"

आम्हाला हा प्रश्न विचारण्यासाठी समिती नेमावी लागली, ग्रामसभा बोलवावी लागली. तुम्हाला तो आपोआप सुचला.