हार्लन टीगच्या उजव्या कुशीतला फुगवटा

आपण एखादी गोष्ट लपवायची ठरवली, तर ती शोधताना देवाच्या दूतालाही चष्मा लावावा लागेल, असं हार्लन टीगचं स्वतःबद्दल मत होतं. म्हणूनच पिस्तूल घेताना त्याने दुकानदार रॉयसला निक्षून सांगितलं, "हे मी रोज कमरेला लावणार, आणि बायकोशिवाय गावात कुणाला पत्ता लागणार नाही."

रॉयसने काउंटरवरचं पिस्तूल त्याच्यापुढे सरकवलं. "माल चांगला आहे. या किमतीत अख्ख्या टेनेसीत याहून चांगलं मिळायचं नाही. पण जाड आहे, हार्लन. याच्या गोळ्या एकावर एक अशा एकाच रांगेत नसतात, दोन रांगांत बसतात. पंधरा. त्यामुळे मूठ बघ केवढी झाली आहे. आणि तू..." त्याने हार्लनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू म्हणजे दोरीवर वाळत घातलेली पँट."

"सदरा बाहेर सोडला की झालं."

"बरं बाबा," रॉयस म्हणाला.

हार्लनचं वय एकाहत्तर. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाला होता आणि गेली एकोणीस वर्षं चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी मुलांचा शिकारीचा वर्ग घेत होता. हा वर्ग पूर्ण करून परीक्षा दिल्याशिवाय तिकडे मुलांना बंदूक घेऊन जंगलात जाता येत नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी तो फळ्यावर एक वाक्य लिही, आणि ते शेवटपर्यंत पुसू देत नसे: 'सगळ्यांत धोक्याची बंदूक ती, जी सोबत्याला ठाऊक नाही.' एवढं शहाणपण फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाने पुढे जे केलं ते केलं. शिकवणाऱ्यांचं असं होतं कधी कधी. खडू हातात असला की अक्कल फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

पिस्तुलाबद्दल मात्र खोटं बोलायला नको. ते गुणाचं होतं. जुन्या दगडखाणीत जाऊन हार्लनने शंभर गोळ्या उडवल्या, तर एकदाही अडकलं नाही. शेजारी रॉयसचं तिप्पट किमतीचं पिस्तूल दोनदा अडकलं, तेव्हा हार्लन घरी येईपर्यंत शीळ घालत होता. त्रास होता तो मुठीत बसणारं गोळ्यांचं मॅगझिन भरण्याचा. पहिल्या दहा गोळ्या लोण्यात सुरी जावी तशा आत जात. अकरावीपासून स्प्रिंग हट्टाला पेटे. पंधरावी बसेपर्यंत अंगठ्याची साल निघे. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या बांधून हार्लन हिंडू लागला.

शिवाय ते जड. पँट घसरायची, म्हणून पट्टा बदलला; पिस्तूल आत मावावं म्हणून सैल पँटी काढल्या. उजव्या कुशीत पिस्तूल रुतायचं, म्हणून चालताना तो डावीकडे झुकायचा. लाकडी बाकावर बसताना आधी एक बाजू टेकवायचा, मग डोळे मिटून दुसरी. चर्चमध्ये लोक गळाभेट घेतात, ती चुकवायला तो प्रत्येकाला डावा खांदा द्यायचा. आणि सदऱ्याखाली, बरगड्यांच्या जरा खाली, एक फुगवटा दिसायचा. हार्लनला तो दिसत नसे, कारण आरशासमोर तो पोट आत ओढून उभा राही.

आता त्या गावचे दोन रिवाज सांगायला हवेत. ज्याच्या कमरेला पिस्तूल असतं तो ते सांगत नाही. आणि ज्याला एखादं दुखणं असतं त्याला कुणी ते विचारत नाही. त्याच्या दारात ओव्हनमधून काढलेला, काचेच्या भांड्यातला गरम कॅसरोल ठेवतात आणि निघून जातात. दोन्ही रिवाज चांगले. पण दोन चांगल्या गायी एकाच अरुंद फाटकातून निघाल्या की फाटक मोडतं.

वर्ना लूने चाळीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली होती. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती हार्लनला भेटायला उजवीकडून आली. हार्लन गर्रकन वळला. वर्ना लूने पट्ट्या बांधलेले अंगठे पाहिले, ढगळ पँट पाहिली, फुगवटा पाहिला. तिने त्याचा डावा दंड हळूच दाबला.

"जप हो स्वतःला," ती म्हणाली.

गाडीत बसल्याबरोबर हार्लन बायकोला म्हणाला, "बघितलंस? वर्ना लू नाकासमोर उभी होती. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. तिला कळलं का?"

"मी म्हटलं ना, त्या वस्तूबद्दल माझ्याशी बोलायचं नाही," नेडीन गाल धरून म्हणाली. तिची दाढ आदल्या दिवशीच काढली होती.

सोमवारी दारात कोंबडी-नूडल्सचा कॅसरोल आला. मंगळवारी दोन आले, त्यातला एक टूना माशाचा. बुधवारी फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही.

"एका दाढेसाठी एवढं?" नेडीन म्हणाली.

"माणसं चांगली आहेत आपल्या गावची."

"ते खरंच. पण टूना कशाला? दाढ काढलेल्या बाईला कुणी कांद्याचे कुरकुरीत तुकडे घालून देतं का?"

"मी खातो की," हार्लन म्हणाला, आणि त्याने खाल्ला.

शनिवारच्या वर्गात मुलं अशी शांत बसली होती, की हार्लनला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच्या वर्गात आलो. कुणी कुणाला कोपर मारलं नाही. एकाने न सांगता त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. पण पहिल्या रांगेतली डेलियाची जागा रिकामी होती. पुढच्या शनिवारीही ती आली नाही.

डेलिया दहा वर्षांची, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. तिचा आजा एल्डन हा हार्लनचा जिवलग मित्र. वसंतात तो गेला. कुशीत गाठ होती, ती त्याने सदऱ्याखाली झाकून ठेवली, आणि कुणी विचारलं तर 'काही झालेलं नाही' म्हणायचा. जाण्याआधी त्याने ओकच्या झाडावर नातीसाठी मचाण बांधलं, आणि दवाखान्याच्या खाटेवरून हार्लनकडून वचन घेतलं, "तिला तूच शिकव. येत्या मोसमात ती त्या मचाणावर बसली पाहिजे." मुलांचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असतो. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. त्या परीक्षेला डेलिया बसली नाही, तर मचाण वर्षभर रिकामं राहणार होतं, आणि मेलेल्या मित्राला दिलेला शब्द हार्लनच्या हातून मोडणार होता.

त्याने तिच्या आईला फोन केला.

"ती येत नाही म्हणते, मिस्टर हार्लन," आई म्हणाली. तीही एकेकाळी त्याच्याच वर्गात शिकलेली. "कारण विचारलं तर दार लावून बसते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला आत्ता... तुम्ही विश्रांती घ्या."

"मी कशाला विश्रांती घेऊ?"

पलीकडे आई नाक ओढल्यासारखं काही करत होती. हार्लनला वाटलं, सर्दी असेल.

रविवारी पाद्री ब्रदर क्लेमेंटने प्रवचन नेहमीपेक्षा लवकर आवरलं. "आपल्यातला एक जण," तो सावकाश म्हणाला, "मोठं ओझं मुकाट्याने वाहतो आहे. त्याने आपल्याला सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. पण आज आपण त्याच्यासोबत उभे राहणार आहोत."

हार्लनने मान खाली घातली आणि कोण असेल बिचारा, याचा विचार करू लागला. पेट्रोलपंपवाला हल्ली फिकट दिसतो, तो असावा. त्याच्यासाठी त्याने मनातल्या मनात दोन शब्द म्हटलेही.

"हार्लन, पुढे ये."

हार्लनने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

पुढे एक खुर्ची ठेवलेली. आजारी माणसाला तिच्यावर बसवतात आणि सगळे त्याच्याभोवती जमून, अंगावर हात ठेवून प्रार्थना करतात. वर्ना लू त्याचं कोपर धरून त्याला घेऊन गेली. त्याने दोनदा तोंड उघडलं, पण तोवर डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर वीसेक हात येऊन पडले होते. इतकी माया अंगावर असताना माणसाला बोलता येत नाही. खुर्ची करकरली. बायका डोळे पुसत होत्या. नेडीन गालावर हात ठेवून उभी होती, काहीच न उमगलेली.

ब्रदर क्लेमेंट गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपला उजवा हात नेमका फुगवट्यावर ठेवला. "प्रभू," त्याने सुरुवात केली, "या जागी, जिथे तुझ्या सेवकाला ही कठीण..."

तो थांबला. ब्रदर क्लेमेंटही तिथल्याच, घरोघरी बंदुका असलेल्या डोंगरांत वाढलेला. काही वस्तू बोटांना डोळ्यांआधी कळतात. त्याने एक डोळा उघडला. हार्लननेही एक उघडला.

"हार्लन," ब्रदर क्लेमेंट ओठ न हलवता म्हणाला, "मला वाटतं, मला कळलं."

"कळलं असणार."

"मग आता मी पुढे काय म्हणू?"

 तेवढ्यात हातांच्या गर्दीतून वाट काढत डेलिया पुढे आली आणि त्याच्या गुडघ्यांशी उभी राहिली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही.

"तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात का?" तिने विचारलं.

दोन आठवड्यांत गावातल्या एकाही मोठ्या माणसाने जे विचारलं नव्हतं, ते तिने पाच शब्दांत विचारलं.

"डेलिया, तू वर्गाला का येत नाहीस?"

"आजोबांनी मचाण बांधून पूर्ण केलं आणि ते गेले," ती म्हणाली.  "तुमचा वर्ग पूर्ण झाला की तुम्हीपण जाल. मी आले नाही तर तो पूर्ण होणार नाही."

हार्लनच्या पाठीवरचे हात एकदम जड झाले. 'काही झालेलं नाही' म्हणून त्याला तिथून सुटता आलं असतं. पण नेमके हेच शब्द एल्डनचे होते, आणि ही पोर ते शब्द एकदा ऐकून बसली होती. तिच्यापुढे आता खऱ्याशिवाय काही चालणार नव्हतं, आणि ते खरं ऐकायला अख्खं गाव उभं होतं.

"डेलिया," तो म्हणाला, "ती गाठ नाही. पिस्तूल आहे."

 त्याच्या अंगावरचे हात एकेक करून उचलले गेले, गरम तव्यावरून उचलावेत तसे, फक्त सावकाश.

डेलियाने डोळे पुसले. "म्यानात आहे?"

"आहे."

"चापाला काही लागत नाही ना?"

"नाही. म्यान घट्ट आहे."

"आणि अंगठ्यांना काय झालं?"

"मॅगझिनची स्प्रिंग कडक आहे."

तिने थोडा विचार केला. "मग सांगितलं का नाहीत? फळ्यावर तुम्हीच लिहिता."

"लिहितो खरं," हार्लन म्हणाला. एकोणीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने त्याला इतकं सरळ नापास केलं नव्हतं.

ब्रदर क्लेमेंट अजून गुडघ्यांवरच होता. अर्धी प्रार्थना त्याला तशी सोडवेना. "प्रभू," तो म्हणाला, "ज्या दुखण्यासाठी आम्ही आलो ते नव्हतंच, याबद्दल तुझे आभार. बाकीचं हार्लनला तूच समजाव. आमेन."

"म्हणजे," नेडीन मोठ्याने म्हणाली, "ते कॅसरोल माझ्या दाढेसाठी नव्हते?"

त्या दिवशी चर्चमागच्या जेवणाच्या टेबलावर हार्लनशी कुणी फारसं बोललं नाही. वर्ना लू तेवढी त्याच्या ताटाकडे बघत म्हणाली, "माझ्या कॅसरोलमध्ये मी आठ अंडी घातली होती, हार्लन." तो म्हणाला, "चव लागली." ती म्हणाली, "लागणारच."

शनिवारी परीक्षेला डेलिया सगळ्यांच्या आधी येऊन बसली. हार्लन आत आल्यावर तिने आधी त्याच्या उजव्या कुशीकडे पाहिलं. पिस्तूल घरी कुलपाच्या पेटीत होतं, आणि तसं त्याने स्वतःहून मुलांना सांगितलं. तरी सवयीने तो डावीकडे झुकून चालत होता. पेपरात एक प्रश्न होता: सोबत्याकडे बंदूक आहे की नाही याची खात्री नसेल तर काय करावं? उत्तरं चार दिलेली होती, त्यातल्या एकावर खूण करायची. डेलियाने खूण बरोबर केली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'विचारावं. लाज वाटली तरी.' हार्लनने ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती बापासोबत मचाणावर बसली. हरीण दिसलं नाही. खार दिसली, म्हणे, जाडजूड.

हार्लनने पिस्तूल रॉयसला परत केलं. रॉयसने ते काचेच्या कपाटात मांडलं आणि त्याला एक चिठ्ठी बांधली: 'एकच मालक. कधीही अडकलेलं नाही. सबंध मंडळीने प्रार्थना केलेलं.' तीन दिवसांत ते विकलं गेलं. कुणी घेतलं ते रॉयसने सांगितलं नाही. तो सांगणारच नव्हता.

पुढच्या रविवारी वर्ना लू नवी, भलीमोठी, जाड कातड्याची पर्स घेऊन चर्चला आली. पर्स उजव्या खांद्याला होती, आणि वर्ना लू डावीकडे झुकून चालत होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या होत्या.

"बिचारीचं कमरेचं दुखणं वाढलेलं दिसतं," घरी आल्यावर नेडीन म्हणाली. तिने ओट्याखालून काचेचं भांडं काढलं, धुतलं आणि नूडल्सना पाणी ठेवलं.

हार्लन उठला आणि त्याने गॅस बंद केला.

"आधी तिला विचार," तो म्हणाला.