परदेशवारीची ट्रायल

टेलरमास्तरांनी परदेशी जायला एकदाचा होकार दिला, पण आधी ट्रायल घ्यायची या अटीवर.

"ट्रायल घेतल्याशिवाय मी साधा ब्लाऊज देत नाही," मशीनवरून मान न उचलता ते म्हणाले. "हा तर अख्खा प्रवास आहे."

जायचं होतं आशियातल्या एका मोठ्या शहरात, तेही जेमतेम चार दिवस. थोडं राजवाडा-नदी-देवळं, आणि उरलेला वेळ तिथला कापडबाजार, जिथे म्हणे नुसत्या बटणांची अख्खी एक गल्ली आहे. मास्तरांची बायको लग्न झाल्यापासून दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काजं-बटणं करत आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने त्या गल्लीचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून बाईंचं कामात लक्ष नव्हतं. बेत याआधीही ठरले होते आणि मास्तरांनीच ते मोडले होते. कधी सीझन, कधी बिघडलेलं मशीन, आणि एकदा तर नुसतंच "बघू". खरं कारण वेगळं होतं. घर ते दुकान आणि दुकान ते घर, यातच त्यांचा जन्म गेला होता. अनोळखी जागेचा त्यांनी धसकाच घेतला होता. पण ते कबूल करतील तर ते मास्तर कसले.

"घ्या ट्रायल," बाई म्हणाल्या. "पण नंतर नाही म्हणायचं नाही."

"उसवलं नाही, तर नाही म्हणणार नाही. कुठे काही उसवलं, तर बेत रद्द."

बाईंनी लगेच "कबूल" म्हटलं. पण या माणसाच्या मनात ट्रायल उसवायचीच आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी ट्रायल निघाली. नियम लेकीने ठरवले. आपलंच शहर ते शहर समजायचं. तळं ही नदी, संग्रहालय हा राजवाडा, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचा जुना बाजार, जिथे तिघांपैकी कोणीच कधी गेलं नव्हतं, तो कापडबाजार. बॅगा खऱ्या भरायच्या आणि खऱ्याच ओढायच्या. फोन बंद करून आईच्या पर्समध्ये. हरवलं तर तिथल्या हॉटेलचं, लेकीने बुकिंग करतानाच छापून ठेवलेलं कार्ड दाखवायचं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे बोलायचं नाही. तिथे आपली भाषा कोणाला कळणार आहे? हातवारे करायचे, नाहीतर कॅल्क्युलेटर पुढे धरायचा. बाकीच्या नियमांना मास्तरांनी नाक मुरडलं, पण या नियमाचं त्यांना काही वाटलं नाही. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला 'हात वर', 'वळा', 'पोट आत' हे सगळं ते रोज खुणांनीच सांगायचे.

पहिला घोटाळा जिन्यातच झाला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांनी बॅगा पाहिल्या आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. मास्तरांनी हाताचं विमान करून उडवून दाखवलं. परत कधी, असं विचारल्यावर मास्तरांनी बराच विचार केला. आज संध्याकाळी, हे खुणेने कसं सांगायचं ते काही सुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही हात झटकले आणि पुढे झाले. हेडक्लार्क घरात गेले, चपला घालून बाहेर आले आणि बातमी द्यायला निघाले. मास्तर देश सोडून गेले, अशी ती बातमी होती.

इकडे ट्रायल झकास चालली होती. तळ्यात नौकाविहार झाला. संग्रहालयात एका राजाच्या अंगरख्याची शिवण उलटून बघायला गेल्यामुळे मास्तरांना पहारेकऱ्याने बाहेर काढलं, पण लेकीने खांदे उडवले; एवढं तिकडेही होणारच. मग बाजार आला. तिथे एका टपरीवर शिंपल्याची बटणं होती, अगदी अस्सल. मास्तरांचे डोळे चमकले आणि ते कोणाला न सांगताच तिकडे वळले. त्यांनी एक बटण दाताखाली धरून पाहिलं, कॅल्क्युलेटर पुढे केला, दुकानदाराने आकडा मारला, मास्तरांनी कपाळाला हात लावला, दुकानदाराने छातीला लावला. अशी झकास घासाघीस होऊन डबीभर बटणं खिशात पडली आणि मास्तर शाबासकी घ्यायला मागे वळले. मागे बायको नव्हती, लेक नव्हती, बॅगाही नव्हत्या.

पहिला विचार आला तो हा, की उसवलं, सुटलो. दुसरा विचार आला तो हा, की आता जायचं कुठे, गल्ल्या तर सगळ्या सारख्याच दिसतायत. तोंड उघडून कोणालाही रस्ता विचारता आला असता. पण अर्धी ट्रायल टाकून उठणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि एका टॅक्सीवाल्यापुढे धरलं.

"काका," टॅक्सीवाल्याने कार्ड दोनदा वाचलं, "हे हॉटेल आपल्या देशात नाही हो."

बघता बघता माणसं जमली. बिचारा मुका आहे, परदेशातला दिसतो, सोबतच्यांनी टाकून दिला असणार, असं आपसात ठरलंही. एका चहावालीने त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा दिला. कोट काय सुरेख शिवलाय बघा, असं गर्दीतलं कोणीतरी म्हणालं. कोट स्वतः मास्तरांनी शिवलेला होता. त्यांना फार बरं वाटलं आणि त्यांनी बाहीची शिलाईही दाखवली. तेवढ्यात एक हवालदार आला. त्याने कार्डावरच्या नंबरला फोन लावला, खालचा बुकिंग नंबर वाचून दाखवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चौकशी केली. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"बुकिंग आहे म्हणतात," तो म्हणाला, "पण पुढच्या महिन्यातलं. हा माणूस महिनाभर आधीच हरवलाय."

आता मात्र मास्तरांनी डोकं चालवलं. त्यांनी कोट काढला, कॉलर उलटी केली आणि आत शिवलेली दुकानाची पट्टी हवालदाराच्या नाकासमोर धरली. पट्टीवर दुकानाचा पत्ता होता. या गृहस्थांचा शिंपी तरी यांना ओळखत असेल, असं म्हणून हवालदाराने त्यांना मोटरसायकलवर बसवलं.

दुकानापुढे तोबा गर्दी होती. बँडमास्तर आपल्या वाजंत्र्यांसकट आला होता, कारण त्यांचे सगळे नवे युनिफॉर्म त्या बंद शटरच्या आत होते. कोणाची पँट होती, कोणाचा परकर, आणि मधोमध हेडक्लार्क झटकलेले हात पुन्हा पुन्हा करून दाखवत होते. पायरीवर बॅगेला टेकून मास्तरांची बायको बसली होती. बाजारभर शोधून, रडून, शेवटी मायलेकी इथे आल्या होत्या.

"रद्द कर तिकिटं," ती लेकीला सांगत होती. "आमचं माणूस गावातल्या गावात सांभाळता आलं नाही मला."

लेकीने आईच्या पर्समधून फोन काढला. तेवढ्यात मोटरसायकल आली.

"हे मुके गृहस्थ कोणाचे?" हवालदाराने विचारलं.

गर्दी बाजूला सरली. मास्तरांनी लेकीकडे बघून खुणेने विचारलं, संपली का ट्रायल? तिने मान डोलावली. मग मास्तर जे बोलायला लागले, ते थांबेचनात. हवालदार चाट पडला. शटर उघडलं गेलं, युनिफॉर्म वाटले गेले, आणि बँडमास्तराला कॉलर घट्ट होते हेही तिथल्या तिथे ठरलं. गर्दी पांगली, तरी बाई पायरीवरून उठल्या नाहीत.

"तुमच्या मनासारखं झालं," त्या म्हणाल्या. "उसवलं."

"मग?" मास्तर त्यांच्या शेजारी टेकले. "ट्रायलला उसवलं म्हणून मी कधी कापड परत केलंय? तिथे उसवतं म्हणून तर पुढे अंगावर नीट बसतं." मग खाली बघत म्हणाले, "मला भीती वाटायची गं. म्हणून टाळत होतो. आज हरवलो, तर लोकांनी चहा पाजला."

बाईंनी डोळे पुसले. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. मास्तर लेकीला म्हणाले, एवढं लांब जायचं तर आणखी दोन दिवस वाढवता येतील का बघ. लेक बघायलाही लागली.

"वाढव," बाई म्हणाल्या आणि उठून पदर झटकला. "पण बटणांच्या गल्लीत मी एकटी जाणार. यांना बटणं दिसली की बायको दिसत नाही."