अर्ध्या तिकिटाचं बटण

पालमच्या शाळेतला एक धडधाकट संगणक मी विनाकारण पुसून टाकायला लावला होता. पार कोरा. त्यात तिथल्या मुख्याध्यापकांनी अकरा वर्षं जपलेली निरोपसमारंभांची भाषणं होती, तीही गेली. शिक्षकांनी मला त्याबद्दल कधी नावं ठेवली नाहीत; उलट दोघातिघांनी गुपचूप येऊन आभार मानले. पण गाढवपणा तो गाढवपणाच. आता नातवंडांची आजी झाल्यावर तो कबूल करायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापायी तो केला, त्या साळवे भाऊसाहेबांकडून मला अलीकडेच कळलं की मी त्याहून मोठी गाढव होते.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या मानवतच्या शाळेतले क्लार्क. मी तिथं गणित शिकवायची आणि परीक्षांचं सगळं बघायची. संगणकाच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर. "मशीनला धूळ चालत न्हाई," असं म्हणायचे आणि स्वतः मात्र कीबोर्डशेजारी शेंगा सोलत बसायचे. कोपऱ्यात विजेची शेगडी, कपाटात सहा कप. आपण घाईत जाऊन "भाऊसाहेब, तेवढी यादी..." म्हणावं, तर ते खुर्ची पुढं सारायचे.

"आधी बसा. जरा तसल्लीनं. मशीन कुठं पळून जायलंय?"

मग सासूबाईंचा गुडघा, पेडगावच्या आमच्या शेतातली तूर, लेकाचं कॉलेज, सगळ्याची चौकशी. चहा संपल्याशिवाय त्यांचं बोट माउसकडं जायचं नाही. त्यांच्या मिसेस वारल्या होत्या, मुलगी नांदेडला दिलेली. घरी जायची त्यांना घाई नसायची आणि आपल्याला असली, तर ते त्यांना कळायचं नाही.

पण माणूस हुशार. आमच्या केंद्रावर शिष्यवृत्तीची परीक्षा असायची. एका शाळेची दोन पोरं एका बाकाजवळ येता कामा नयेत, अशी बैठक लावायची म्हणजे दोन दिवस डोक्याला ताप. भाऊसाहेबांनी एक्सेलमध्ये ती कसरत एकदा हातानं केली आणि संगणकाला लक्षात ठेवायला लावली. मॅक्रो म्हणतात त्याला. पुढं नुसतं एक हिरवं बटण दाबायचं, की साडेचारशे पोरं आपापल्या बाकावर.

तर त्या वर्षी आमच्या संस्थेच्या पालमच्या शाळेलाही केंद्र मिळालं आणि तिथली बैठक लावायला मला पाठवलं. भाऊसाहेब म्हणाले, "मी येऊ का संगं?" त्या वेळच्या शिंदेबाई म्हणजे मी. एका संगणक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नुकतंच चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेलं. मी त्यांना म्हणाले, "बटण तर दाबायचंय! तुमी कशाला?" फाईल पेनड्राइव्हमध्ये घेतली, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि परभणीला गाडी बदलून ऐटीत पालमला उतरले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. आदल्या दिवशी सकाळी दहाला मुख्याध्यापक आणि सगळा स्टाफ माझ्याभोवती गोळा झालेला. मी "बघा हं" म्हणाले आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: असा मॅक्रो सापडत नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. मग फोन.

"भाऊसाहेब, तुमचं बटण चालत नाहीये."

"चहा झाला का?"

"भाऊसाहेब!"

"बरं. वरी पिवळी पट्टी आली का, परवानगी मागणारी?"

"नाही."

"म्हंजे मशीन भ्यालेलं न्हाई. आता मॅक्रोची यादी उघडा. काय दिसायलंय?"

"काहीच नाही. पांढरं."

पलीकडं एक शेंग फुटल्याचा आवाज आला. "मग बटण तुमच्यासंगं आलंच न्हाई, बाई. नुसतं चित्र आलंय त्याचं. मी निघू का?"

शहाण्या बाईनं "या" म्हटलं असतं. प्रमाणपत्रवाल्या बाईंना अपमान वाटला. बटण इथं दिसत नाही, म्हणजे या संगणकातच काहीतरी कीड आहे, असा मी निकाल दिला आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावून सगळं पुसून नव्यानं भरायला लावलं. मुख्याध्यापक चाचरत म्हणाले, "मॅडम, त्यात माझं काही लिखाण..." मी म्हणाले, "सर, उद्या साडेचारशे लेकरं दारात उभी राहतील. लिखाण काय घेऊन बसलात!"

बारा वाजता नवा कोरा संगणक सुरू झाला. फाईल उघडली. बटण दाबलं. तीच ओळ. यादी तशीच पांढरी. हातानं बैठक लावायला दोन दिवस लागणार आणि हातात एक दुपार. मी निमूट फोन लावला. भाऊसाहेबांनी पहिल्या घंटीलाच उचलला. "निघालोच," एवढंच म्हणाले.

साडेचारच्या गाडीतून भाऊसाहेब उतरले ते संगणकाचा डबा, म्हणजे पडदा सोडून बाकीचं यंत्र, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून. तो डबा त्यांनी खिडकीच्या सीटवर बसवून आणला होता, त्याला हवा लागावी म्हणून. आणि स्वतः उभ्यानं आले होते. कंडक्टरनं विचारलं, "काका, ह्ये काय हाय?"

"परीक्षेचं डोकं."

"अन् तिकीट?"

"अर्धं द्या. सहा वर्साचं हाय."

कंडक्टरनं खरंच अर्धं फाडलं. ते तिकीट भाऊसाहेबांनी पुढं कितीतरी वर्षं पाकिटात जपलं.

डबा पालमच्या पडद्याला जोडला. पालमच्या प्रिंटरची सीडी त्यांच्या खिशात आधीच होती. पोरांची यादी घातली, माझ्याकडं बघून म्हणाले, "दाबा, बाई. मान तुमचा." दाबलं. सगळी पोरं बाकावर. दिवेलागणीच्या आत बाकांवर चिठ्ठ्याही चिकटल्या.

आता विचार करते तेव्हा आठवतं, त्या गोधडीला बरोबर डब्याच्या मापानं नाड्या शिवलेल्या होत्या. अशा नाड्या काही चार तासांत शिवून होत नाहीत. पण हे तेव्हाच्या शिंदेबाईंच्या डोक्यात आलं नाही. त्यांचं डोकं प्रमाणपत्रानं भरलेलं होतं.

मग दर वर्षी तेच. परीक्षा आली, की भाऊसाहेब गोधडी काढायचे. गाडी बदलताना परभणीच्या स्टँडवरचे कँटीनवाले विचारायचे, "काका, लेकरू यंदा कितवीला?" पालमला ते मुख्याध्यापकांच्याच घरी उतरायचे. पुसलेली भाषणं दोघांनी मिळून पुन्हा लिहून काढली. ती पहिल्याहून लांब झाली, याला जबाबदार मी. मुख्याध्यापकांच्या आईंना तर भाऊसाहेबांच्या हातचीच शेंगदाण्याची चटणी लागायची.

एकदा मात्र संस्थेचे सचिव चिडले. मला बोलावून म्हणाले, "जे बटण दुसरीकडं दिसतच नाही, ते काय कामाचं? हा माणूस मुद्दाम लपवून ठेवतो. संगणक त्याच्याकडून काढतो आणि त्याला जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवतो." ती खोली मागच्या अंगाला. तिथं वर्षातून एकदा वाळवी बघायला कुणी गेलं तर गेलं.

मी तावातावानं उठले. "साहेब, लपवायला अक्कल लागते! ते भोळे आहेत. बटण का जात नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. आणि परीक्षा एकदा तरी अडली का?" अडली नव्हतीच. सचिवांनी विषय सोडला. खोली वाचली, शेगडी वाचली, सहा कप वाचले. एका भोळ्या माणसाला मी वाचवलं, म्हणून कितीतरी दिवस मी स्वतःवर खूश होते.

भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा शाळेनं तो म्हातारा संगणक त्यांनाच देऊन टाकला. पुढं मीही निवृत्त होऊन परभणीला आले. आमच्या गल्लीतल्या आम्ही बाया दर शनिवारी कुणा एकीच्या घरी जमतो आणि पाळी कुणाची, यावरून दर शनिवारी भांडतो. मागच्या महिन्यात मी म्हटलं, आपणच एक बटण करू. पुस्तकात बघून मॅक्रो भरायला घेतला, तर सुरुवातीलाच एक छोटी चौकट आली. मॅक्रोचं नाव काय, आणि खाली, ठेवायचा कुठं? उत्तर आधीच भरलेलं होतं: याच फाईलमध्ये. म्हणजे काही न करता पुढं गेलं, तर बटण फाईलसोबत कुठंही जातं. ते फक्त आपल्याच मशीनमध्ये राहावं असं वाटत असेल, तर तिथं जाऊन मुद्दाम बदलावं लागतं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळची मानवतची गाडी पकडली.

भाऊसाहेबांनी दार उघडलं. केस पार पांढरे, पण खिशाला तीच चार पेनं. संगणक टेबलावर होता, गोधडी पांघरून. शेगडी होती. सहा कपही होते, पण एकच रोजच्या वापरातला दिसत होता; माझ्यासाठी दुसरा काढला, तो त्यांना आधी विसळावा लागला.

"आधी बसा," म्हणाले. मी बसले नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडल्यावर वापरायची, तो आवाज काढला.

"भाऊसाहेब, ती चौकट मी बघितली. तुमी तिथं मुद्दाम बदल केला होता ना? त्या दिवशी पालमला मी संगणक पुसून बसले होते, तेव्हाही तुमाला सगळं माहीत होतं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. मग इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना गोधडीचं टोक ओढावं लागलं. हसणं ओसरल्यावर बशी माझ्याकडं सरकवत म्हणाले,

"बटण तुमच्या पर्समधी बसून पालमला गेलं असतं, बाई, तर मला कुणी बोलावलं असतं? बसा आता. चहा गार व्हायलाय."