इंजिन मागेच हवं

"इंजिन पुढे असलं तर चालवणाऱ्याचे पाय भाजतात, मागे असलं तर मागच्या पलंगावरच्याची पाठ," मोटारहोमच्या विक्रेत्याने धंद्याला न शोभणाऱ्या प्रामाणिकपणाने सांगितले. "कुठलं देऊ?"

जावईबापूंना निवृत्तीनंतर या चाकांवरच्या घरातून बायकोबरोबर हिंडायचे होते. दोघांनीच. काठी टेकत चालणाऱ्या सासूबाईंनी मात्र, कुणी विचारायच्या आत, मागचा पलंग आपला म्हणून जाहीर केला होता.

"मागेच द्या," जावईबापू म्हणाले. "आईंची आबाळ नको."

एका प्रवासात सासूबाई कानाला खडा लावतील आणि पुढचे सगळे प्रवास दोघांचे, असा त्यांचा सात्त्विक बेत होता.

भर उन्हाळ्यात निघाले. दुपार झाली तरी मागून हूं की चूं नाही.

"आई, फार उकडतंय का हो?" जावईबापूंनी आशेने विचारले.

"छे! बाजूच्या जाळीतून इंजिनाला कसा भरभरून वारा लागतोय. नुसती ऊब आहे."

तो वारा जावईबापूंना झोंबला. चहाला थांबल्यावर त्यांनी त्या जाळीवर ताडपत्री घट्ट बांधली.

"हे काय?" बायकोने विचारले.

"धूळ जाते गं आत."

पुढच्या चढावर मागून वाफेचे लोट निघाले आणि गाडी बसली. मेकॅनिक आला, वाकला, ताडपत्री हातात धरून उभा राहिला.

"इंजिनाला शाल कुणी पांघरली?"

बायकोने नवऱ्याकडे मान वळवली. नुसती बघत राहिली. त्यापेक्षा बोललेली परवडते.

"कूलिंगचा पंखा गेलाय," मेकॅनिक म्हणाला. "पाणी भरून दिलंय. हळूहळू गॅरेजपर्यंत न्या, पण पुढचा हीटर फुल ठेवा. इंजिनाची आग तेवढीच तुमच्या पायाशी निघेल. बंद केलात, तर इंजिन संपलं."

बायको मागे पलंगावर जाऊन बसली. जावईबापू एकटेच पुढे शिजू लागले.

एवढ्यात सासूबाई काठी न घेता तुरुतुरु चालत पुढे आल्या.

"जावईबापू, अहो त्या शेकाने गुडघे मोकळे झाले माझे! ती ताडपत्री तुम्ही मुद्दामच बांधलीत ना?"

मागून बायकोही उत्तराची वाट पाहत होती. जावईबापूंनी घाम पुसला.

"तुमच्या गुडघ्यांसाठीच, आई."

"मला वाटलंच!" सासूबाई गहिवरल्या. "पुढच्या खेपेला माझ्या बहिणीलाही घेऊ. तिची कंबर धरलीय."